वाचकांचे प्रश्न : गर्भातल्या पेशींचा निरोप किती दूर जातो?

मागील अंकातील गर्भविकासावरच्या लेखात असे एक विधान होते की, शरीरातल्या जवळजवळ सर्व पेशींत जनुके तीच असली तरी एक पेशी हाडाची होते आणि दुसरी कातडीची, कारण गर्भात पेशी एकमेकींना संकेत देत असतात. हे संकेत म्हणजे नेमके काय, आणि शेजारच्या पेशीला सोडा, पण लांबच्या पेशीला ते कसे कळतात, अशी विचारणा करणारी पत्रे खानदेशातून बरीच आली. त्यांतील काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आम्हाला प्राणिशास्त्रात स्पेमन यांचा ‘ऑर्गनायझर’चा प्रयोग आहे. ऊतीचा एक छोटा तुकडा दुसऱ्या गर्भात बसवला की तिथल्या पेशी बदलतात, एवढेच पुस्तकात दिले आहे. त्या तुकड्याला न चिकटलेल्या पेशी का बदलतात? (बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, अमळनेर)

उत्तर : आपण ज्या प्रयोगाविषयी विचारले आहे, तो हान्स स्पेमन यांच्या प्रयोगशाळेत हिल्डे मॅन्गोल्ड या तरुण संशोधिकेने प्रत्यक्ष हातांनी केला होता, हे आधी नोंदवले पाहिजे. न्यूट नावाचा, पालीसारखा दिसणारा एक उभयचर प्राणी आहे. त्याच्या फिक्या रंगाच्या जातीच्या गर्भातून तिने एका विशिष्ट जागेचा, ज्याला पृष्ठओष्ठ म्हणतात त्या भागाचा, लहानसा तुकडा काढला आणि गडद रंगाच्या जातीच्या गर्भाच्या पोटाकडच्या बाजूला बसवला. त्या जागी दुसऱ्या गर्भाचा अक्ष तयार झाला, म्हणजे मेंदू व मज्जारज्जू जिच्यातून होतात ती मज्जानलिका, आणि पाठीचे मणके ज्यांतून होतात ते खंड तेथे दिसू लागले. रंगांतल्या फरकामुळे कोणती पेशी कोणाची हे ओळखता येत होते, आणि या जादा गर्भातल्या बहुतेक पेशी यजमानाच्या, म्हणजे ज्यात तुकडा बसवला त्या गर्भाच्या, निघाल्या. तुकड्याने स्वतः वाढून नवा गर्भ घडवला नव्हता, तर आजूबाजूच्या पेशींना त्यांची ठरलेली वाट सोडायला लावली होती. हा शोधनिबंध १९२४ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी घरातल्या हीटरच्या अपघातात भाजून हिल्डे मॅन्गोल्ड यांचे वयाच्या पंचविसाव्या वर्षी निधन झाले. स्पेमन यांना १९३५ चे नोबेल मिळाले. पाठ्यपुस्तकात एकच नाव येते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

तो तुकडा काय करीत होता, हे कळायला पुढची जवळजवळ सत्तर वर्षे लागली. १९९० च्या दशकात नॉगिन आणि कॉर्डिन ही प्रथिने सापडली. ती या भागातल्या पेशींतून बाहेर पडतात, पेशींच्या मधल्या जागेत पसरतात आणि तेथे आधीपासून असलेल्या बीएमपी नावाच्या संकेत-प्रथिनाला पकडून निकामी करतात. बीएमपीचा संकेत पोहोचला तर वरच्या थरातली पेशी कातडी होते, तो अडवला गेला तर ती मज्जासंस्थेकडे वळते. म्हणजे गर्भातले बोलणे पुष्कळदा दुसऱ्याचा निरोप वाटेत अडवण्याच्या स्वरूपाचे असते, आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने ही बाब फार महत्त्वाची आहे. पेशीला कोणी हुकूम द्यावा लागत नाही. तिच्यापर्यंत एखादा रेणू किती प्रमाणात पोहोचला, यावरून तिचे भवितव्य ठरू शकते.

प्रमाणाची ही कल्पना लुईस वोलपर्ट यांनी १९६९ साली नेमक्या शब्दांत मांडली. थंडीत शेतावर भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायला घेतली, की डोळे मिटून चालणाऱ्या माणसालाही वासाच्या तीव्रतेवरून आपण आगटीपासून किती लांब आहोत याचा अंदाज येतो. तसाच एखाद्या उगमातून निघालेला संकेतरेणू उगमाजवळ दाट आणि लांब जाईल तसा विरळ होत असेल, तर प्रत्येक पेशीला त्याच्या प्रमाणावरून आपले ठिकाण समजू शकते. प्रमाण अमुक पातळीच्या वर असेल तर एक जनुकसंच चालू होईल, खाली असेल तर दुसरा. अशा रेणूंना मॉर्फोजेन म्हणतात. हा शब्द अॅलन ट्यूरिंग या गणितज्ञाने १९५२ च्या निबंधात प्रथम वापरला होता. संगणकशास्त्रामुळे सर्वांना ठाऊक असलेले ट्यूरिंग ते हेच.

प्रत्यक्ष पुरावा फळमाशीत मिळाला. फळमाशीचे अंडे सुमारे अर्धा मिलिमीटर लांब असते. त्याच्या डोक्याकडच्या टोकाला आई बायकॉइड नावाच्या जनुकाचा संदेश-आरएनए ठेवून देते. त्यापासून बनलेले प्रथिन मागच्या टोकाकडे पसरते आणि दर १०० मायक्रोमीटरला, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाला, साधारण एक तृतीयांशावर येते. क्रिस्तियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि वोल्फगांग ड्रीव्हर यांनी १९८८ साली दाखवले, की आईमध्ये या जनुकाच्या प्रती वाढवल्या तर डोक्याचा भाग मागे सरकतो, कमी केल्या तर पुढे सरकतो. पेशी प्रमाण ‘वाचते’ हे यावरून स्पष्ट झाले. हे वाचन किती बारीक असावे? २००७ मध्ये झालेल्या मोजणीनुसार शेजारशेजारच्या दोन पेशीकेंद्रकांपर्यंत पोहोचणाऱ्या बायकॉइडमध्ये जेमतेम दहा टक्क्यांचा फरक असतो, आणि तेवढा फरक ओळखला जातो. थोडेच रेणू, तेही इकडेतिकडे भटकणारे, आणि त्यांवरून इतका अचूक निर्णय, हे या विषयातले मला सर्वांत थक्क करणारे सत्य वाटते.

आता अंतराकडे येऊ, कारण आपल्या प्रश्नाचे मर्म तेथे आहे. पाण्यात सोडलेला रेणू स्वतःच्या उष्णताजन्य हालचालीने पसरतो, याला विसरण म्हणतात. विसरणाचा नियम असा, की अंतर दुप्पट झाले तर वेळ चौपट लागतो आणि अंतर दहापट झाले तर शंभरपट. मध्यम आकाराच्या प्रथिनाचा विसरण गुणांक सेकंदाला १० चौरस मायक्रोमीटर धरला, तर मिलिमीटरचा दहावा भाग ओलांडायला त्याला आठ-दहा मिनिटे पुरतात, एक मिलिमीटरला सुमारे चौदा तास लागतात आणि एक सेंटिमीटरला जवळजवळ दोन महिने. हा हिशेब आपण वहीत स्वतः करून पाहावा. फ्रान्सिस क्रिक यांनी १९७० साली अशाच गणिताने दाखवले, की काही तासांत विसरणाने जो चढउतार तयार होऊ शकतो त्याचे अंतर फार तर मिलिमीटरभर असेल. गर्भात एकाच वेळी आखणी होत असलेले क्षेत्र एका रेषेत सहसा शंभर पेशींहून मोठे नसते, हे वोलपर्ट यांनी आधीच निदर्शनास आणले होते. दोन्ही गोष्टींचा मेळ बसतो.

म्हणूनच शरीराचा आराखडा गर्भ अगदी इवलासा असताना आखला जातो. मानवी गर्भ चौथ्या आठवड्याच्या अखेरीस सुमारे ४ मिलिमीटरचा असतो, आणि तोपर्यंत मज्जानलिका मिटलेली, हृदय धडधडू लागलेले आणि हातांचे अंकुर दिसू लागलेले असतात. हीच कामे गर्भ वीतभर झाल्यावर करायची ठरली असती, तर विसरणाने जाणारे निरोप वेळेत पोहोचलेच नसते. पुढची वाढ ही मोठ्या अंशी आधी ठरलेल्या आराखड्याची वाढ असते.

प्रश्न : खुडूक कोंबडीखालचे एक अंडे तिसऱ्या दिवशी फुटले, तेव्हा आत तांबडा ठिपका उडताना दिसला. पंख आणि पाय कधी व कसे तयार होतात? पंख उलटे का लागत नाहीत? (कुक्कुटपालक, नवापूर)

उत्तर : आपण पाहिलेला तांबडा ठिपका म्हणजे पिलाचे हृदय. अंडे उबवायला बसल्यापासून दुसऱ्या दिवशीच ते ठोके देऊ लागते. तिसऱ्या दिवशी बलकावर लाल शिरांचे जाळे पसरलेले असते आणि त्याच्या मधोमध स्वल्पविरामासारखा वाकलेला, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा, काचेसारखा पारदर्शक गर्भ असतो. भिंगातून बघितले तर त्याच्या बगलेला दोन्ही बाजूंनी दोन-दोन बारीक फुगवटे दिसतात. पुढची जोडी पंखांची, मागची पायांची. पिलू एकविसाव्या दिवशी बाहेर येते, पण पंखाची कोणती बाजू पुढची आणि कोणती मागची, हे या फुगवट्यांत पहिल्या चार-पाच दिवसांतच ठरून जाते.

पंख उलटे का लागत नाहीत, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी अंड्याला खिडकी पाडून सोडवला. कवचाचा लहान तुकडा अलगद काढायचा, गर्भावर सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रिया करायची, खिडकी चिकटपट्टीने बंद करायची आणि अंडे पुन्हा उबवायला ठेवायचे, अशी ही रीत आहे. जॉन सॉन्डर्स आणि मेरी गॅसलिंग यांनी १९६८ साली पंखाच्या अंकुराच्या मागच्या, म्हणजे शेपटीकडच्या कडेवरचा छोटा तुकडा दुसऱ्या गर्भाच्या अंकुराच्या पुढच्या कडेवर बसवला. कोंबडीच्या पंखात तीन बोटांची हाडे असतात. या पिलाच्या पंखात सहा आली, आणि तीही आरशातल्या प्रतिबिंबासारखी, तीन सरळ व तीन उलट क्रमाने. पुढे चेरिल टिकल यांनी १९८१ साली दाखवले, की थोड्याच पेशी बसवल्या तर एखादेच जादा बोट येते आणि तेही पुढच्या कडेच्या बोटासारखे असते, जास्त पेशी बसवल्या तर मागच्या कडेची बोटेही येतात. वर वांग्यांच्या वासाविषयी जे लिहिले, ते येथे हाडांत उमटलेले दिसते.

मागच्या कडेवरच्या पेशींतून निघणारे प्रथिन कोणते, हे १९९३ मध्ये कळले. त्याचे नाव सॉनिक हेजहॉग. हे प्रथिन अंकुरात अर्ध्या मिलिमीटरच्याही आतले अंतर कापते, आणि पेशीला ते किती प्रमाणात व किती वेळ मिळाले यावरून बोटाची ओळख ठरते. याच वेळी अंकुराच्या टोकावरची कातडीची कड एफजीएफ नावाची वेगळी प्रथिने सोडत असते, त्यामुळे अंकुर बाहेरच्या दिशेने वाढत राहतो. ही कड कापून टाकली तर पंख खुंटतो, आणि तिच्या जागी एफजीएफमध्ये भिजवलेला सूक्ष्म मणी ठेवला तर वाढ पुन्हा सुरू होते. आपल्या घरच्या कोंबडीखाली रोज हेच चालले आहे, फक्त कवचाआड.

एक व्यवहाराची गोष्ट. पिंजऱ्यातल्या लेयर कोंबड्यांची अंडी कोंबड्याशिवाय घातलेली असल्याने फलित नसतात, त्यांत असे काही दिसणार नाही. गावठी अंडी उबवत असाल, तर पाचव्या-सहाव्या दिवशी अंधारात बॅटरीच्या उजेडापुढे अंडे धरून पाहावे. शिरांचे जाळे दिसले तर आत पिलू वाढते आहे असे समजावे. फोडण्याची गरज नाही.

प्रश्न : आमच्या शाळेत एका मुलाला अंगठ्याशेजारी सहावे बोट आहे. गावात कोणी त्याला भाग्यवान म्हणते, कोणी दोष मानते. यामागे काय असते? (शिक्षक, शहादा)

उत्तर : वरचे उत्तर वाचल्यावर आपल्याला अर्धे उत्तर मिळालेच असेल. अंगठ्याच्या बाजूचे जादा बोट पुष्कळदा सॉनिक हेजहॉग हाताच्या अंकुरात भलत्या बाजूलाही थोडेसे तयार झाल्याने येते. या जनुकाला हातापायांत कोठे चालू व्हायचे हे सांगणारा डीएनएचा तुकडा जनुकापासून सुमारे दहा लाख अक्षरे लांब असतो, आणि त्यातले एकच अक्षर बदलले तरी जादा बोट येऊ शकते. सहा बोटांच्या मांजरांतही याच तुकड्यातले बदल सापडले आहेत. करंगळीच्या बाजूच्या जादा बोटाची कारणे बहुधा वेगळी असतात. हे बोट पिढीजात चालत आलेले असू शकते, त्यात दैवाचा किंवा कोणाच्या दोषाचा काही संबंध नाही, आणि हे त्या मुलाच्या देखत वर्गात सांगितले जावे असे मला मनापासून वाटते. इतर काही व्यंग नाही ना, एवढे बालरोगतज्ज्ञाकडून एकदा तपासून घ्यावे.

प्रश्न : विसरणाचा सिद्धांत कागदावर सोपा वाटतो. पण पेशी एकमेकींना दाटीवाटीने चिकटलेल्या असतात, आणि हेजहॉग व विंट ही संकेत-प्रथिने तर स्निग्ध पदार्थ जोडलेली, म्हणजे पाण्यात न मिसळणारी आहेत. ती खरोखर विसरणाने जातात का? (प्राणिशास्त्राचे प्राध्यापक, धुळे)

उत्तर : आपण नेमके त्या जागी बोट ठेवले आहे जेथे आजही वाद चालू आहे. हेजहॉगच्या एका टोकाला कोलेस्टेरॉल जोडलेले असते आणि दुसऱ्या टोकाला पामिटिक आम्ल. असा रेणू पेशीच्या पटलाला घट्ट धरून बसतो. त्याला पटलावरून सुटे करण्यासाठी डिस्पॅच्ड नावाचे स्वतंत्र प्रथिन लागते. सुटल्यावरही तो एकटा भटकत नाही. काही रेणू लिपोप्रोटीनच्या, म्हणजे स्निग्ध पदार्थ वाहून नेणाऱ्या, कणांवर बसून जातात, तर पेशींच्या पृष्ठभागावरील साखरेच्या साखळ्या असलेली प्रथिने त्यांना धरून, सोडून पुढे सरकवतात. त्यामुळे येथे विसरण म्हटले तरी ते मोकळ्या पाण्यातले नव्हे. फळमाशीच्या पंखातल्या डीपीपी या प्रथिनाचा वेग २००७ साली मोजला गेला, तेव्हा तो मोकळ्या विसरणाच्या मानाने फारच कमी आढळला. याउलट झेब्राफिश माशाच्या गर्भात एफजीएफ-८ चे सुटे रेणू जवळजवळ पाण्यात असावेत तसे वेगाने पसरताना दिसले. एकच नियम सर्व प्रथिनांना लावता येत नाही, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो.

दुसरा मार्ग १९९९ साली फेलिपे-आंद्रेस रामिरेझ-वेबर आणि थॉमस कॉर्नबर्ग यांनी फळमाशीच्या अळीत पाहिला. पंख ज्यापासून बनतो त्या थरातल्या पेशींतून केसाहून कितीतरी बारीक धागे निघालेले होते, आणि ते अनेक पेशी ओलांडून संकेताच्या उगमाकडे गेलेले होते. त्यांना सायटोनीम म्हणतात. येथे निरोप घेणारी पेशीच उगमापर्यंत हात लांबवते, आणि दूरचे बोलणे प्रत्यक्षात स्पर्शाने होते. कोंबडीच्या पंखाच्या अंकुरातही सॉनिक हेजहॉग अशा धाग्यांवरून सरकताना २०१३ मध्ये जिवंत गर्भात दिसले. हे धागे एवढे नाजूक असतात, की ऊती रसायनांत पक्की करण्याच्या नेहमीच्या पद्धतीत ते मोडून जातात. ते इतकी वर्षे नजरेतून सुटले, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

मात्र या वादात माझ्या मते सर्वांत बोलका प्रयोग २०१४ चा आहे. जाँ-पॉल व्हिन्सेंट यांच्या गटाने फळमाशीतले विंगलेस हे विंट-प्रथिन पेशीच्या पटलाला कायमचे बांधून टाकले, म्हणजे ते सुटून दूर जाणेच शक्य राहिले नाही. सर्वांचा अंदाज होता की माशी जन्मालाच येणार नाही. माशा जन्मल्या, वाढ थोडी मंदावली तरी पंखांची रचना जवळजवळ नेहमीसारखी झाली. ज्या पेशींना पूर्वी कधी तो संकेत मिळाला होता, त्या आपली तेव्हाची अवस्था विभाजनातून पुढे नेत राहिल्या, असे यावरून दिसते. म्हणजे लांब पोहोचल्यासारखा वाटणारा निरोप काही वेळा लांब गेलेलाच नसतो. तो ऐकलेली पेशीच, किंवा तिच्या लेकी, वाढीबरोबर लांब गेलेल्या असतात. यावरून विसरण होतच नाही असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल, पण वर्गात मॉर्फोजेन शिकवताना हा प्रयोग वगळू नये, अशी आपल्याला विनंती आहे.

प्रश्न : आमच्या गायीला जुळे झाले, एक गोऱ्हा आणि एक कालवड. कालवड आता अडीच वर्षांची असून अजून माजावर आलेली नाही. जाणती माणसे म्हणतात, गोऱ्ह्याबरोबर जन्मलेली कालवड वांझ राहते. हे खरे आहे का? (शेतकरी, रावेर)

उत्तर : जाणत्या माणसांचे म्हणणे बरोबर आहे. गोऱ्ह्याच्या जोडीने जन्मलेल्या कालवडींपैकी दहातल्या नऊ किंवा त्याहून अधिक वांझ निघतात. जॉन हंटर या स्कॉटिश शल्यविशारदाने अशा जनावरांचे वर्णन १७७९ मध्येच केले होते. कारण मात्र अमेरिकेतले गर्भशास्त्रज्ञ फ्रँक लिली यांनी १९१६ च्या सुमारास शोधले. गायीच्या पोटात जुळी वाढू लागली, की सुरुवातीच्या आठवड्यांतच दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या बहुधा एकमेकींना जोडल्या जातात आणि दोघांचे रक्त मिसळते. गोऱ्ह्याचे अंडकोष आधी तयार होतात. त्यांतून निघणारी संप्रेरके रक्तातून कालवडीच्या शरीरात जातात, आणि त्यांतल्या एका संप्रेरकाचे, अँटी-म्युलेरियन संप्रेरकाचे, कामच मुळी गर्भाशय व अंडवाहिन्या ज्या नळ्यांपासून होतात त्या नळ्या विरघळवण्याचे आहे. गोऱ्ह्याच्या शरीरात हे व्हायलाच हवे असते. कालवडीच्या शरीरात ते नको असताना होते, आणि तिचे अंडाशयही नीट वाढत नाहीत.

वर मिलिमीटरच्या मर्यादेविषयी लिहिले आहे. ती मर्यादा ओलांडण्याचा निसर्गाचा मोठा मार्ग म्हणजे रक्त, कारण रक्त रेणूला वाहून नेते, त्याला विसरणावर अवलंबून राहावे लागत नाही. आपल्या गोठ्यात घडले ते असे, की एका गर्भाचा निरोप दुसऱ्या गर्भाच्या शरीरात जाऊन पोहोचला. रक्तपेशीही अशाच मिसळतात. रे ओवेन यांनी १९४५ साली गायीच्या जुळ्यांत दोघांच्या रक्तपेशी आयुष्यभर नांदताना पाहिल्या. शरीर परक्या पेशींना आपले कधी मानते, या संशोधनाला त्यातून चालना मिळाली आणि पुढे बर्नेट व मेडावर यांना १९६० चे नोबेल मिळाले. अवयवरोपणाच्या शास्त्राचा एक धागा अशा रीतीने गोठ्यातल्या जुळ्यांपर्यंत येऊन पोहोचतो.

आता आपण काय करावे? पशुवैद्यकाकडून कालवडीची आतून तपासणी करून घ्यावी. अशा कालवडीचा योनिमार्ग नेहमीपेक्षा बराच आखूड असतो आणि गर्भाशय हाताला लागत नाही किंवा दोरीसारखे बारीक लागते. खात्रीसाठी रक्तातल्या पेशींत नराचे वाय गुणसूत्र आहे का, हेही तपासता येते. निदान पक्के झाले तर औषधे, इंजेक्शने यांवर खर्च करू नये, कारण जे अवयव घडलेच नाहीत ते औषधाने येणार नाहीत. पुढे असे जुळे झाले, तर कालवड लहान असतानाच तपासून घ्यावी, म्हणजे तिच्या गाभण राहण्याची वर्षानुवर्षे वाट पाहावी लागत नाही. जुळ्यातला गोऱ्हा दिसायला धडधाकट असला तरी पैदाशीसाठी ठेवताना पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. दोन्ही कालवडी असतील तर ही अडचण येत नाही, शेळ्या-मेंढ्यांत ती क्वचितच आढळते, आणि माणसांत भाऊ-बहीण अशा जुळ्यांच्या रक्तवाहिन्या सहसा जुळत नसल्याने त्या मुलींविषयी अशी शंका मनात आणू नये.

प्रश्न : गरोदर बाईने ग्रहणात काही चिरले तर बाळाचा ओठ फाटतो, जोडकेळ खाल्ले तर जुळे होते, असे आमच्या भागात सर्रास मानतात. बायका मला विचारतात. त्यांना काय सांगावे? (आशा सेविका, अक्कलकुवा)

उत्तर : जोडकेळाविषयी एवढेच सांगावे, की जुळे होणार की नाही हे गर्भधारणेच्या सुरुवातीच्या दिवसांतच ठरलेले असते, केळे खुशाल खावे.

फाटलेल्या ओठाविषयी थोडे सविस्तर सांगावे लागेल, कारण त्या समजुतीने आईला आयुष्यभर दोषी ठरवले जाते. बाळाचा चेहरा एकसंध उगवत नाही. दोन्ही बाजूंनी आणि वरून वाढत आलेले उंचवटे एकमेकांना भिडतात आणि सांधले जातात. प्रत्येक उंचवटा किती वाढायचा, हे मेंदूच्या पुढच्या भागातून आणि चेहऱ्याच्या कातडीतून निघणारे सॉनिक हेजहॉग, एफजीएफ, बीएमपी हेच संकेत ठरवतात. वरचा ओठ सातव्या आठवड्याच्या सुमारास सांधून होतो, टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत. सांधा जुळायचा राहिला तर फट राहते. त्यामागे आनुवंशिकता असते, आईला फॉलिक आम्लाची कमतरता, तंबाखूचा धूर, फिटवरची काही औषधे अशी कारणे असू शकतात. सातव्या महिन्यातल्या ग्रहणात विळी हाती घेतली म्हणून ओठ फाटणे शक्य नाही, कारण तो केव्हाच सांधून झालेला असतो. फाटलेला ओठ शस्त्रक्रियेने चांगला दुरुस्त होतो, हेही त्याच वेळी सांगावे.

ज्याची खरी भीती बाळगायला हवी त्याकडे मात्र या समजुतींमुळे दुर्लक्ष होते. संकेतांत बाहेरचा रेणू घुसला तर काय होते, याचे एक उदाहरण अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातले आहे. १९५० च्या दशकात तेथे मेंढ्यांना एकच डोळा असलेली कोकरे होत होती. गाभण मेंढीने सुमारे चौदाव्या दिवशी व्हेराट्रम कॅलिफोर्निकम ही रानवनस्पती खाल्ली तर असे होते, हे तपासात निघाले. तिच्यातले सायक्लोपामीन हे द्रव्य हेजहॉगचा संकेत बंद पाडते, हे १९९८ मध्ये सिद्ध झाले. डोळ्यांचे क्षेत्र सुरुवातीला एकच असते आणि हा संकेत मिळाल्यावरच त्याचे दोन भाग होतात. ही वनस्पती आपल्याकडची नव्हे. पण आपल्याकडच्या औषधांच्या दुकानांत मिळणारी, मुरुमांसाठी दिली जाणारी आयसोट्रेटिनॉइनची गोळी याच जातीचा धोका बाळगून आहे. ती जीवनसत्त्व अ पासून बनणाऱ्या रेटिनॉइक आम्लाचे भावंड आहे, आणि रेटिनॉइक आम्ल हा गर्भातला स्वाभाविक संकेत आहे. एरवी गर्भ त्याचे प्रमाण नेमके राखतो. गोळीमुळे ते हिशेब मोडतात आणि चेहरा, कान, हृदय व मेंदू यांत गंभीर व्यंगे येऊ शकतात. ही गोळी घेत असलेल्या मुलीने लग्न ठरल्यावर डॉक्टरांना सांगावे, आणि गोळी बंद केल्यावर किमान एक महिना गर्भ राहू देऊ नये. फिटवरचे औषध चालू असलेल्या बाईने मात्र ते मनाने बंद करू नये. गर्भ राहण्याआधीच डॉक्टरांना विचारून बदलून घ्यावे.

आणि फॉलिक आम्ल. मज्जानलिका गर्भधारणेनंतर अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास मिटते. त्या वेळी पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, आणि पुष्कळ बायकांची आपल्याकडे नोंदही झालेली नसते. म्हणून रोजची ४०० मायक्रोग्रॅमची फॉलिक आम्लाची गोळी दिवस राहिल्यावर सुरू करणे उशिराचे ठरते. मूल हवे असे ज्या घरात ठरले आहे, तेथे आपण गृहभेटीला जाल तेव्हाच ती सुरू करून द्यावी, आणि आधीचे मूल मज्जानलिकेच्या व्यंगाने दगावले असेल तर त्या बाईला जास्त मात्रेसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे आवर्जून पाठवावे.